‘गेट’ एक, इंग्रजी शब्द दोन

इंग्रजी शब्दाशेजारी देवनागरीत उच्चार लिहून द्यायची आपली पद्धत स्वरांच्या बाबतीत सरळसरळ फसवते. ‘मिळणे’ या अर्थाचं गेट आणि फाटकाचं गेट आपण सारखंच लिहितो. चाचणी टेस्ट, चवही टेस्ट. विकणं सेल, विक्रीही सेल. इंग्रजीत या प्रत्येक जोडीत दोन वेगळे स्वर आहेत.

फरक आरशात बघा. फाटकाचं ‘गेट’ म्हणताना स्वर ‘ए’वर सुरू होऊन ‘इ’कडे सरकतो, जबडा मिटत जातो. दुसऱ्या ‘गेट’मध्ये काहीच सरकत नाही, तोंड मराठी ‘ए’पेक्षा किंचित जास्त उघडं, स्वर आखूड. आपला ‘ए’ दोघांच्या अधेमधे पडतो, मग ऐकणारा संदर्भावरून अंदाज बांधतो.

ह्रस्व-दीर्घाचा घोळ याहून मोठा. ‘मीठ’, ‘फूल’ अशा शब्दांत आपण उपान्त्य स्वर दीर्घ करतो. तीच सवय इंग्रजीत शिरते आणि ‘शिप’चं ‘शीप’ होऊन जहाजाची मेंढी होते. त्यावर ठरलेला सल्ला: एक आखूड म्हण, दुसरा लांबव. अर्धवट आहे तो. इंग्रजीत ‘प, ट, क’च्या आधी स्वर आखडतो, ‘ब, ड, ग’च्या आधी लांबतो. त्यामुळे ‘सीट’मधला ‘दीर्घ’ स्वर ‘बिड’मधल्या ‘ह्रस्वा’हून फारसा लांब नसतोच. खरा फरक जिभेच्या जागेचा. ‘शीप’ म्हणा, मग ‘शेप’ म्हणा, आणि दोन्हींच्या मध्ये जीभ सैल सोडा. जहाज तिथे सापडेल. (मराठी वळण राहिलं तर राहू दे, त्याने काही बिघडत नाही.)

सरावाला यमक घ्यावं. इंग्रजी यमकात आघाताचा, म्हणजे जोर दिलेला, स्वर आणि त्यापुढचं सगळं जुळावं लागतं; स्पेलिंगचा संबंध नाही. पक्षी ‘बर्ड’, शब्द ‘वर्ड’, ऐकलं ‘हर्ड’, दही ‘कर्ड’. लिहिताना आय, ओ, ई-ए, यू. उच्चारात स्वर एकच. उलट फूड, गुड, ब्लड या तिन्हींत डबल ओ, पण स्वर तीन. जुन्या इंग्रजीत तिन्हींमध्ये दीर्घ ‘ओ’च होता. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने १४७६ च्या सुमारास वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, स्पेलिंग हळूहळू गोठलं, उच्चार मात्र पुढे बदलतच राहिले.

आघात हलला की स्वरही बदलतो, हे आपल्याकडे क्वचितच शिकवतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर. ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर जातो आणि पहिला ‘ओ’ विरून साधारण ‘फटॉग्रफर’ होतं. हा ‘अ’ मराठी माणसाच्या तोंडात जन्मापासून आहे, पण स्पेलिंगमधला ओ दिसला की तो वापरायचा धीर होत नाही.

वहीत एका पानावर एकच स्वर ठेवा. नवा शब्द आला की डिक्शनरीतला ऑडिओ ऐका, आधीच्या शब्दांशी यमक जुळतं का बघा, मग पान ठरवा. ब्रिटिश की अमेरिकन, तेही सुरुवातीलाच ठरवा: खाटेचं ‘कॉट’ आणि ‘पकडलं’ या अर्थाचं ‘कॉट’ अनेक अमेरिकनांच्या तोंडी एकच, ब्रिटिश उच्चारात दोन पानांवर.