“बालवाडीत कसलं आलंय संशोधन?” म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच मेसेज आला, त्यातला दोनदा तर शिक्षकांनीच टाकलेला. थोडक्यात असा: कृतिसंशोधन (शिक्षकाने आपल्याच वर्गातली अडचण घेऊन, उपाय करून, काय होतं ते टिपणं) म्हणजे निव्वळ फाईली भरायचं काम, पंधरा-वीस पोरांवरून काही सिद्ध होत नाही, तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर प्रयोग करणं चूक, आणि संशोधन विद्यापीठातल्या लोकांनी करावं, अंगणवाडीच्या ताईंनी मुलं सांभाळावीत. खाली हात जोडलेले इमोजी आणि “पटलं तर पुढे पाठवा”. मला नाही पटलं. म्हणजे पहिला मुद्दा बराचसा पटला, तर तिथूनच सुरू करते.

“फाईली भरायचं काम.” खरंय हो. डीएड-बीएड केलेल्या कोणालाही विचारा. शीर्षक, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती-मर्यादा, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, निष्कर्ष, सगळं ठरलेलं, झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीची फाईल मिळते, नाव बदला, बाइंडिंग करा, झालं. आणि या फाईलींमध्ये उत्तरचाचणीत मुलं नेहमी सुधारलेलीच असतात, एकही उपक्रम फसलेला मी आजवर वाचला नाहीये! पण हा रोग फाईलचा. कॉपी करून पोरं पास होतात म्हणून गणित हा विषयच खोटा ठरत नाही ना.

खरं कसं असतं ते सांगते. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीत माझं जाणं-येणं होतं. तिथल्या ताईंची तक्रार एकच, गोष्ट सांगायला घेतली की मुलं उठून पळतात, लक्षच नसतं. आम्ही ठरवलं की आठवडाभर काहीच बदलायचं नाही, फक्त कोण कधी उठलं ते टिपायचं. एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर मुलांची नावं आणि पुढे रेघा, बास. चौथ्या दिवशी ताईंनाच हसू फुटलं. गोष्ट कुठेही आलेली असो, मागे खिचडीची फोडणी चुर्र झाली की अर्धा वर्ग दाराकडे! लक्ष होतं की पोरांचं, फोडणीकडे होतं. मग गोष्ट जेवणानंतर ठेवली तर सगळी पेंगायला लागली, म्हणजे ते फसलं. मग सकाळी गाणी झाली की लगेच ठेवली, तेव्हा बरीचशी बसायला लागली. दोघं-तिघं तरी उठायचीच, आणि ती कोण ते वहीत दिसत होतं: नुकतीच तीन वर्षांची झालेली, घरात सगळी कोकणा बोली, पुस्तकातलं मराठी अजून कानावरच न पडलेलं. मदतनीस बाई त्याच पाड्यातल्या. त्यांनी तीच कोल्ह्याची गोष्ट बोलीत सांगितली तर त्यातली एक चिमुरडी सरकत सरकत त्यांच्या मांडीपर्यंत आली.

ठरवा, करा, बघा, विचार करा, परत ठरवा. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने 1946 मध्ये अमेरिकेत कृतिसंशोधनाची कल्पना मांडली तीही अशीच गोल फिरणारी होती, त्यात बाइंडिंग नव्हतं.

“वीस मुलांवरून काही सिद्ध होत नाही.” बरोबर, आणि सिद्ध करायचंच नाहीये. ती वीस मुलं सँपल नाहीयेत, तो अख्खा वर्ग आहे. महाराष्ट्रात गोष्ट किती वाजता सांगावी असा ताईंचा प्रश्नच नव्हता. एखाद्या अंगणवाडीत खिचडी बाहेरून बचत गटाकडून शिजून येत असेल तर तिथे फोडणीची भानगडच नाही, तिथलं कारण तिथल्या ताईंनाच शोधावं लागणार. मात्र कोणी “माझ्या उपक्रमाने 100 टक्के मुलं प्रगत” असं पोस्टर फिरवत असेल तर फॉरवर्डवाल्यांच्या बाजूने मीपण भांडेन.

“मुलांवर प्रयोग.” बदललं कोण हे बघा की. वेळापत्रक ताईंनी स्वतःचं बदललं, मुलांना नवीन काही पाजलं-टोचलं नाही. हां, आईबापांना न विचारता मुलांचे फोटो ग्रुपवर टाकणं चूकच आहे, ते संशोधनाच्या नावाखाली केलं तरी.

आणि आता “विद्यापीठाने करावं”, याचा मला खरा राग आला. 1945 मध्ये बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला कामाला लागल्या तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. घरी बसून निष्कर्ष काढला असता तर “पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही” असा निघाला असता आणि फाईल बंद. त्यांनी उलट बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, अंगणवाडी ती तिथली. पुढे कोसबाडला वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळा कुरणात गेली, कुरणशाळा. त्यांनी याला कृतिसंशोधन म्हटलं नसेल, पण यात एखाद्या विभागप्रमुखाची परवानगी कुठे लागली? 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तिच्या केंद्रांना आपण अंगणवाडीच म्हणतो, आणि त्याच 1975 मध्ये तिकडे इंग्लंडात लॉरेन्स स्टेनहाउस हे शिक्षणतज्ज्ञ मांडत होते की शिक्षक हाच आपल्या वर्गाचा संशोधक. विद्यापीठवाल्यांनी मोठे अभ्यास जरूर करावेत, पण फोडणी त्यांना ऐकू येणार नाही.

ज्या मुद्द्यावर भांडायला हवं त्यावर फॉरवर्ड गप्प आहे, तो म्हणजे वेळ. वजनं-उंची, पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदी, गृहभेटी, मध्येच कुठला तरी सर्वे, आणि त्यावर “कृतिसंशोधन अहवाल महिनाअखेर सादर करावा” असा आदेश आला तर मीसुद्धा हात जोडलेले इमोजी टाकेन. अहवाल नको, वही पुरे. त्या ताईंच्या वहीत सध्या नवीन प्रश्न चालू आहे, ठोकळ्यांच्या कोपऱ्यात मुली का जात नाहीत. तीनच दिवसांच्या रेघा झाल्यात, ताईंचा संशय एका पठ्ठ्यावर आहे जो सकाळी आल्या आल्या ठोकळ्यांच्या डब्यावरच बसतो. बघू.