पहिली बँडसॉ, नऊ इंची मशीन आणि तुमची फुगलेली फळी

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली, आणि ठरवलं की नुसतं "धन्यवाद" लिहून सोडायचं नाही. तुम्ही मनापासून चिडून लिहिलंय आणि त्यातल्या दोन गोष्टी अगदी बरोबर आहेत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. बँडसॉ म्हणजे वर-खाली दोन चाकांवर फिरणारा दातेरी पोलादी पट्टा असलेलं लाकूड कापायचं मशीन, आणि नऊ इंची, १४ इंची हे त्या चाकाचं माप. दादांचं म्हणणं असं की "पहिली बँडसॉ कोणती घ्यावी" हा माझा लेख बंगलेवाल्यांसाठी आहे, १४ इंचीपेक्षा लहान मशीनला मी खेळणं म्हटलं, त्यांच्याकडे नऊ इंची आहे आणि फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत ती छान चालते, सगळे आधी टेबल सॉ (टेबलातून गोल पातं वर आलेलं मशीन) घ्या म्हणतात आणि मी उलटं सांगते, आणि एक एचपीत सागवान काय कपाळ चिरणार, वखारीत बघा किती एचपी लागतात ते. आणि शेवटी एक वाक्य जाता जाता टाकलंय, की तीन इंच रुंदीची सागवानी पट्टी उभी धरून चिरली की मधे पोट काढते, "पण ते माझ्या हातात कसब नाही म्हणून असेल".

ह्या शेवटच्या वाक्यासाठी मी एवढं मोठं उत्तर लिहितेय. पण आधी माफी. "खेळणं" हा शब्द मी लिहायला नको होता. ज्याच्याकडे जागा सहा बाय चार आहे त्याला शंभर किलोचं ओतीव लोखंडाचं मशीन घ्या म्हणणं म्हणजे न घ्या म्हणण्यासारखंच आहे. माझ्याकडे धायरीला रो हाऊसचं पार्किंग आहे म्हणून मला ते सुचलं. ते वाक्य आज काढलंय.

आता टेबल सॉचं. तुम्ही काय कापता ह्यावर सगळं आहे हो. प्लाय आणि सनमायकाचं काम असेल, कपाटं, किचनच्या ट्रॉल्या, तर आठ बाय चारचा शीट बँडसॉवर जाणारच नाही, कारण १४ इंची मशीनमधे पट्टा आणि मागचा खांब ह्यांच्यात साडेतेरा इंचाच्या आसपास जागा असते, नऊ इंचीत नऊच्या आसपास. तिथे मी टेबल सॉ पण नाही सांगणार, हातातली सर्क्युलर सॉ आणि एक सरळ गाइड पट्टी पुरे, शीट जमिनीवर थर्माकोलवर टाकायचा आणि कापायचा. पण तुम्ही लिहिलंय की डबे, पेट्या, ट्रे करता, सागवानात आणि शिसवीत. मग हिशोब करून बघा.

समजा वखारीतून ५० मिलिमीटर जाडीची सागवानाची फळी आणली, तिच्यातून ८ मिलिमीटरच्या पातळ फळ्या काढायच्यात, रंधा मारून मग ६ राहतील. टेबल सॉचं पातं साधारण ३ मिलिमीटर लाकूड खातं, बँडसॉचा पट्टा एक-सव्वा. टेबल सॉवर चार फळ्या निघतात, पाचवी बसत नाही, कारण पाच फळ्यांचे ४० आणि चार चिरांचे १२ मिळून ५२ होतात. बँडसॉवर ४० अधिक पाचेक, म्हणजे ४५, पाच फळ्या निघून वर थोडं उरतं. सागवान घनफुटाने विकत घेणाऱ्या माणसाला ही पाचवी फळी म्हणजे काय ते मी सांगायला नको. शिवाय १० इंची पात्याची टेबल सॉ एका वेळी फार तर तीन-सव्वातीन इंच खोल कापते, त्याहून रुंद फळी असेल तर उलटी करून दोन्ही बाजूंनी चिरा आणि दोन चिरा मधे भेटतात का बघत बसा.

आणि एक गोष्ट मी घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकाला सांगते. टेबल सॉ लाकूड उलटं तुमच्या अंगावर फेकू शकते. बँडसॉत पट्टा वरून खाली जातो, लाकूड टेबलावर दाबलं जातं, फेकलं जात नाही. ह्याचा अर्थ बोटं सुरक्षित असा बिलकुल नाही, आणि गोल दांडा कापताना तो गरकन फिरतो म्हणून व्ही खाचेच्या ठोकळ्यात धरूनच कापायचा. पण एकट्याने, घरात, पहिलं मोठं मशीन म्हणून मला बँडसॉच बरी वाटते, ह्यावर मी ठाम आहे.

एचपीचं पण तसंच. वखारीतल्या आऱ्याशी तुलना करू नका, तिथे अख्खा ओंडका मिनिटात पार करायचा असतो म्हणून तेवढी ताकद. आपल्याला घाई नाहीये. एक एचपीची चांगली इंडक्शन मोटर सहा इंच उंचीचं सागवान चिरते, हळू चिरते एवढंच, दीड असेल तर मोटरवर जोर पडत नाही. फक्त घरातल्या ५ ॲम्पिअरच्या साध्या प्लगला लावू नका, सुरू होताना ती मोटर क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, १६ चा पॉइंट घ्या.

तुमचा भाचा अमेरिकेतून १४ इंची पाठवतोय म्हणालात, तर मोटरची प्लेट आधी बघायला सांगा. ट्रान्सफॉर्मरने ११५ चे व्होल्ट जुळतात पण हर्ट्झ जुळत नाहीत, तिकडच्या ६० हर्ट्झवर मिनिटाला १७२५ फेऱ्यांनी फिरणारी मोटर आपल्या ५० वर १४४० च्या आसपास फिरते, म्हणजे पट्ट्याचा वेग सहाव्या हिश्शाने कमी, आणि मोटर तापते ते वेगळंच. मोटर इथली बसवायची तयारी असेल तरच आणा.

आता मुख्य मुद्दा, जो मी मूळ लेखात चार ओळीत उरकला आणि तुम्ही त्यावर बोट ठेवलंत ते फार बरं केलंत. लोक मशीन बघतात तेव्हा एचपी बघतात, किती उंच कापते ते बघतात, दिवा आहे का बघतात. बँडसॉमधे कापतो तो पट्टा, आणि बाकीचं सगळं मशीन फक्त तो पट्टा ताणून धरायला असतं. मशीन निवडायचं म्हणजे आपल्याला कुठला पट्टा लागणार ते ठरवायचं, आणि तो पट्टा हे मशीन ताठ ठेवू शकतं का आणि तो मला इथे मिळतो का, हे दोन प्रश्न विचारायचे. बस.

ताणाचा हिशोब करू. साध्या कार्बन स्टीलच्या पट्ट्याला दर चौरस मिलिमीटरला साधारण १०० न्यूटन ताण लागतो, त्याखाली तो लाकडात वळवळतो. अर्धा इंची पट्टा, जाडी ०.६ मिलिमीटर, म्हणजे साडेसात चौरस मिलिमीटरच्या आसपास. ताण झाला पाऊणशे किलो. पण चाकाच्या दोन्ही अंगांनी पट्टा खाली खेचतो, म्हणजे वरच्या चाकाला सतत दीडशे किलोने वर ढकलून धरायचंय. पाऊण इंची ०.८ चा घेतलात तर तीनशे किलो. आता विचार करा, ॲल्युमिनियमची किंवा वाकवलेल्या पत्र्याची छोटी फ्रेम हे कसं सोसेल? ती वाकते, दिसत नाही पण वाकते, आणि ताण दाखवणाऱ्या स्केलवरचा काटा मात्र अर्ध्या इंचाच्या खुणेवर आलेला असतो. म्हणून छोट्या मशीनच्या पेटीवर "अर्धा इंची पट्टा बसतो" लिहिलेलं असलं तरी बसणं वेगळं आणि ताणला जाणं वेगळं.

दुसरं म्हणजे चाक जितकं लहान तितका पट्टा जास्त वाकतो. १४ इंची मशीनवर साडेत्र्याण्णव इंचाचा पट्टा मिनिटाला तीन हजार फुटांनी धावतो, म्हणजे मिनिटाला पावणेचारशेहून जास्त फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत दोनदा वाकणं आणि सरळ होणं. नऊ इंची चाकावर हेच वाकणं कितीतरी तीव्र. जाड पट्टा तिथे टिकतच नाही, जॉइंटपाशी तडकतो. मी हे पैसे घालवून शिकले. माझं पहिलं मशीन दहा इंची होतं, त्याचा पट्टा संपला तेव्हा पट्टे जोडून देणाऱ्या एका दुकानातून रोलमधला तुकडा वेल्ड करून आणला, स्वस्त पडला म्हणून खूश झाले, आणि तिसऱ्या दिवशी फाट् असा आवाज होऊन तो दोन तुकडे. दुकानदाराची चूक नव्हती हो, त्याच्याकडचे रोल वखारीच्या मोठ्या चाकांसाठीचे, जाडच असणार. चूक माझी, मी जाडी विचारलीच नाही. मी १४ इंची सांगत होते ते ह्यासाठी, की ०.६ चा पट्टा त्यावर चालतो आणि तो पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या बाजूला हिंडलं की कोणीतरी जोडून देतं. नऊ इंचीला ०.३५-०.४ चा पातळ पट्टा लागतो, तो बहुतेक वेळा ऑनलाइनच मागवावा लागतो, लांबी पण मशीनप्रमाणे बदलते, काहींना साडेएकोणसाठ इंच, काहींना बासष्ट, जुना पट्टा मोजल्याशिवाय मागवू नका. पण मिळतो! आणि त्यावर तुमचं काम होईल. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

आता तुमची फुगलेली फळी. तुम्ही लिहिलंय की मशीनसोबत आलेलाच पट्टा आहे, पाव इंची, इंचाला १० दात, वर्ष झालं. दादा, इथेच सगळं आहे. तीन इंच लाकडात एका वेळी ३० दात अडकतात. चिरताना सहा ते बारा दात लाकडात असावेत, चोवीसच्या वर तर नकोच, कारण दातांमधल्या छोट्या खाचा भुशाने भरतात आणि भुसा बाहेर पडायला जागा राहत नाही. मग दात कापायचे थांबून घासायला लागतात, तुम्ही जोर लावता, पाव इंचाचा अरुंद पट्टा मागे वाकतो आणि वाकला की बाजूला पळतो. वरच्या आणि खालच्या कडेला गाइडनी (पट्टा जागेवर ठेवणाऱ्या तुकड्यांनी) धरलेला असतो म्हणून तिथे चीर सरळ, मधे पोट. त्यात सागवानात सिलिका असतं, ते धार फार लवकर मारतं, वर्षभर सागवान कापलेला पट्टा म्हणजे नुसती पट्टीच उरली म्हणायची. तुमचा हात चांगला आहे, त्या डब्यांचे कोपरे फोटोत बघितले मी, असे कोपरे हात वाईट असलेल्या माणसाकडून होत नाहीत.

म्हणून आधी नवीन मशीन घेऊ नका, भाच्याला पण महिनाभर थांबवा. तीन अष्टमांश इंच रुंद, इंचाला ४ दात, पातळ, असा एक पट्टा मागवा. तीन इंचात बारा दात, छान. ह्याला दोन्ही अंगांचे मिळून सत्तर किलोच ताण लागतो, तुमची फ्रेम तेवढा सोसेल. अर्धा इंची पट्ट्याच्या नादी लागू नका. प्लग काढून पट्टा चढवा, गाइड आणि पट्ट्याच्या पाठीला आधार देणारं मागचं बेअरिंग आधी पूर्ण मागे घ्या, चाक हाताने फिरवत पट्टा चाकावरच्या टायरच्या मधोमध धावतो का बघा, आणि मगच बाजूचे गाइड जवळ आणा, कागदाची फट ठेवून, दातांना न लागता खाचेच्या जरा मागे. मागच्या बेअरिंगला अर्धा मिलिमीटर फट. गुण्या लावून टेबल काटकोनात करा, हे लोक विसरतात आणि मग पट्ट्याला शिव्या देतात. वरचा गाइड लाकडाच्या पाव इंच वर, जास्त नाही, बोटांसाठी पण आणि चिरेसाठी पण.

मग फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची टेबलावरची सरळ पट्टी) न लावता फळीच्या कडेवर पेन्सिलीची रेघ मारून भंगारातल्या तुकड्यावर एक चीर हाताने काढा, पट्टा कुठल्या बाजूला ओढतो ते कळेल, फेन्स तेवढा तिरका करा. आणि ढकलू नका हो, पट्टा जेवढं मागेल तेवढंच द्या, आवाज बदलला की थांबा. जुन्या वाड्याच्या चौकटीचं सागवान वापरत असाल, ते तुम्ही लिहिलेलं नाही पण रंग बघून वाटलं, तर आधी लोहचुंबक फिरवा, एक जुना खिळा नवीन पट्टा पहिल्या मिनिटात संपवतो. काम झालं की ताण सैल करून ठेवा, पावसाळ्यात टेबलाला मेण किंवा थोडं तेल लावा, बाल्कनीत दमट असणारच. आणि मास्क, शिसवीचा भुसा फार त्रास देतो, बंद ड्राय बाल्कनीत तर जास्तच.

हे सगळं करूनही सहा इंच रुंद फळ्या चिरायची वेळ आली, तेव्हा नऊ इंचीत ते होणारच नाही, तिची उंचीच साडेतीनच्या आसपास संपते. तेव्हा मोठ्या मशीनचं बोलू, जुनं मिळालं तर चाक हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज कसा ऐकायचा ते पण सांगेन. तोवर नवीन पट्ट्यावर पहिली पट्टी सरळ निघाली का ते कळवा, नाही निघाली तर वरच्या गाइडचा अगदी जवळून, दात दिसतील असा फोटो पाठवा, मी बघते.