शनिवार मिळाला, पाऊण तास गेला

राज्यातल्या सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला २९ फेब्रुवारी २०२० रोजी. त्या दिवशी शनिवार. म्हणजे योजनेचा पहिला दिवसच सुटीचा! एवढा अचूक मुहूर्त सरकारला एरवी साधत नाही.

पेढे वाटण्याच्या गडबडीत आम्ही हिशेब वाचला नाही. आधी वर्षाला २८८ दिवस, रोज सव्वासात तास, म्हणजे २,०८८ तास. आता २६४ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २,११२. शनिवार हाती पडले आणि वर्षाकाठी २४ तास वरून गेले. सावकारसुद्धा इतकं गोड बोलून व्याज लावत नसेल.

जेवणाचा अर्धा तास धरून दहा ते पावणेसहाचं पावणेदहा ते सव्वासहा झालं. कागदावर पाऊण तास. जालना-संभाजीनगर अप-डाउन करणाऱ्याला मात्र तोच नडतो. रूळ एकेरी. समोरून गाडी आली की आपली बदनापूरला क्रॉसिंगला उभी. तीन लेट मार्कला एक किरकोळ रजा कटते आणि वर्षाच्या किरकोळ रजा आठ. चोवीस क्रॉसिंगांत वर्ष खलास.

बरं, धापा टाकत पोचावं तर हजेरीच्या मशीनवर थंब लागत नाही. कारण साधं असतं : तंबाखू मळलेल्या अंगठ्यावर चुना सुकलेला, नाहीतर थंडीनं कातडी कोरडी. ‘पुन्हा प्रयत्न करा’ आलं की माणूस आणखी जोरात दाबतो; त्यानं रेषा चपट्या होतात आणि मशीन अजूनच बिथरतं. काच पुसावी, अंगठा धुऊन पुसावा, कोरडा असेल तर तोंडाची वाफ द्यावी आणि हलकेच, सपाट टेकवावा. नोंदणी करतानाच दुसरं बोटही देऊन ठेवावं. लाईट गेली तर मात्र शिपाईमामांचं रजिस्टर, आणि त्यांच्या घड्याळाला अपील नाही.

वाळूजच्या कंपनीतले भाऊबंद चार दिवसांच्या आठवड्याची स्वप्नं बघतात. बघा बापडे. आठवड्याचे ४८ तास तेच ठेवून चारनं भागले की बारा येतात. त्यात कंपनीची बस पकडायची, म्हणजे घरी फक्त अंथरूण ओळखीचं राहणार.

लवचिक वेळापत्रक आमच्या शहरात खऱ्या अर्थानं एकालाच मिळालंय : नळाला. तो आठवड्यातून कधी येईल, किती वाजता येईल, कुणी विचारत नाही. शनिवारी सकाळपासून टाकी धुऊन, मोटारीत पाणी भरून, पहिलं गढूळ धरायला बादली लावून बसावं, तर तो येतो मंगळवारी दुपारी दोनला. त्याला थंबही लावावा लागत नाही.