खुलासा : महाद्वार रोडवरचा हेडफोनवाला आणि ओटीपी

कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. महाद्वार रोडवर एकजण हेडफोन लावून एटीएम, दुकानांच्या पाट्या आणि लोकांच्या मोबाइलजवळ काहीतरी धरतोय. खाली मजकूर : 'हे यंत्र तुमचा ओटीपी ऐकतं, सावध रहा.' तो एकजण मीच.

हातात होती तांब्याच्या तारेची साधी कॉइल. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तिच्यात क्षीण वीजप्रवाह येतो, तो वाढवून हेडफोनला दिला की आवाज होतो, एवढंच. वायरिंगमधून ५० हर्ट्झची घुमी येते, एलईडी पाटीची किरकिर निराळी, आणि टू-जी फोन नेटवर्कशी बोलताना सेकंदाला सुमारे २१७ वेळा ठोके देतो. जुन्या रेडिओशेजारी मोबाइल ठेवल्यावर ऐकू यायची ना ती टर्रटर्र, तीच ही. शहर असं ऐकणं हे माझं खूळ नव्हे (घरच्यांचं मत वेगळं आहे). जर्मन कलाकार क्रिस्टिना कुबिश लोकांना असेच हेडफोन घालून शहरांतून फिरवतात.

ओटीपी येतो शेकडो मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवरून, सांकेतिक रूपात. माझ्या कॉइलीला त्यातलं एक अक्षर कळत नाही. एक मात्र खरं : फोनच्या कानाशी धरायच्या स्पीकरला कॉइल अगदी चिकटवली तर पलीकडचं बोलणं पुसट येऊ शकतं. श्रवणयंत्रातली 'टी' सोय याच तत्त्वावर चालते. पण तेवढ्या जवळ गेलो तर कोल्हापूरकर आधी कानाखाली आवाज काढतील.

ज्यांनी तो व्हिडिओ पुढे ढकललाय, त्यांनी हेही ढकलावं.