‘ईसीजी दोन मिनिटांत स्वतः वाचा’: या संदेशातील विधाने कुठे चुकतात

ईसीजीच्या कागदाच्या छायाचित्रासह एक संदेश मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जातो. त्यात पाच विधाने असतात: उसळी म्हणजे ठोका आणि सपाट रेषा म्हणजे हृदयाची विश्रांती; उसळ्यांमधील अंतर थोडेही कमीजास्त असेल तर हृदयात दोष; लहर जितकी उंच तितके हृदय बळकट; टी लहर उलटी दिसली की झटका येऊन गेलेला; आणि अहवाल नॉर्मल असेल तर रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज नाही. आपला अहवाल आपल्याला समजावा ही इच्छा रास्तच आहे, आणि म्हणूनच ती पुरी करताना दिलेली चुकीची माहिती अधिक घातक ठरते.

पहिल्या विधानाचा सविस्तर विचार करावा लागेल, कारण बाकीचे बरेचसे गैरसमज त्यातूनच निघतात. ईसीजी हृदयाची हालचाल टिपत नाही; हृदयाच्या स्नायूतून पसरणाऱ्या विद्युत बदलांचे त्वचेपर्यंत पोहोचणारे पडसाद तो टिपतो. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद आणि खालचे दोन म्हणजे निलय. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागातून निघालेला विद्युत आवेग दोन्ही अलिंदांत पसरतो तेव्हा पी ही छोटी लहर उमटते. पुढे हा आवेग अलिंद आणि निलय यांच्यामधील गाठीत जरासा रेंगाळतो आणि त्यामुळे अलिंदांतील रक्त निलयांत उतरायला वेळ मिळतो. या काळात कागदावर सपाट रेषा दिसते, तरी आवेगाचा प्रवास चालूच असतो. तो इतक्या थोड्या पेशींतून जात असतो की त्वचेवर त्याची खूण उमटत नाही. मग निलयांत आवेग पसरताना क्यूआरएस हा टोकदार लहरींचा समूह उमटतो आणि निलये विद्युतदृष्ट्या पूर्ववत होताना टी लहर. क्यूआरएस आणि टी यांच्या मधला सपाट एसटी खंड तर या विधानाच्या अगदी उलट साक्ष देतो. त्या वेळी निलयांचा सगळा स्नायू एकाच विद्युत स्थितीत असल्याने रेषा सपाट राहते, आणि नेमक्या त्याच वेळी निलये आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलत असतात. निलयांची खरी विश्रांती टी लहर संपल्यानंतर सुरू होते.

कागदावरची चौकट समजली की अंतरे मोजणे अवघड नाही. नेहमीच्या, म्हणजे सेकंदाला 25 मिलिमीटर, वेगाने कागद सरकतो तेव्हा लहान चौकोन 0.04 सेकंदाचा आणि मोठा चौकोन 0.2 सेकंदाचा असतो. समजा, दोन लगतच्या आर शिखरांमध्ये, म्हणजे क्यूआरएसच्या उंच टोकांमध्ये, चार मोठे चौकोन आहेत. 300 ला चाराने भागले की मिनिटाला 75 ठोके मिळतात. पी लहरीच्या आरंभापासून क्यूआरएसच्या आरंभापर्यंत चार लहान चौकोन असतील तर पीआर अंतर 0.16 सेकंद झाले; प्रौढांत ते 0.12 ते 0.20 असावे. क्यूआरएस दोन लहान चौकोनांत मावला तर 0.08 सेकंद, 0.12 पेक्षा कमी असणे अपेक्षित आहे. क्यूटी अंतर, म्हणजे क्यूआरएसच्या आरंभापासून टी लहरीच्या शेवटापर्यंतचे अंतर, नऊ लहान चौकोनांचे, म्हणजे 0.36 सेकंद भरले तरी तेवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही, कारण ठोके जलद पडले की ते आखडते आणि संथ पडले की लांबते. गतीनुसार दुरुस्त केल्यावर या उदाहरणात ते साधारण 0.40 येते आणि ते निश्चितच सामान्य आहे.

हीच मोजणी दुसऱ्या विधानाचेही उत्तर देते. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना संथ होतात. आर शिखरांमधील असा श्वासाबरोबरचा फरक, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, निरोगीपणाशी पूर्ण सुसंगत आहे. प्रत्येक क्यूआरएसच्या आधी तशीच पी लहर आहे का आणि पीआर अंतर स्थिर आहे का, हे आधी पाहायचे असते.

उंच लहरीच्या विधानाला फार शब्द नकोत. सडपातळ तरुणाच्या छातीवर क्यूआरएस उंच दिसतो आणि स्थूल व्यक्तीत ठेंगणा, तो केवळ मधल्या थरांच्या जाडीमुळे. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने निलयाची भिंत जाड झाली तरी क्यूआरएस उंचावतो, आणि त्या उंचीला बळकटी म्हणणे ही रुग्णाची दिशाभूल आहे.

उलट्या टी लहरीचे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यापायी निरोगी माणसे विनाकारण धास्तावतात. बारा लीड म्हणजे एकाच विद्युत घडामोडीकडे बारा दिशांनी पाहणे होय. एव्हीआर हे लीड उजव्या खांद्याच्या बाजूने हृदयाकडे पाहते, म्हणून त्यात पी, क्यूआरएस आणि टी तिन्ही खाली झुकलेल्या असणे हेच सामान्य आहे. व्ही1 या छातीवरच्या लीडमध्ये, आणि कधी तिसऱ्या लीडमध्येही, टी उलटी असू शकते. लहान मुलांत व्ही1 ते व्ही3 मध्ये ती उलटी असणे अपेक्षितच असते. दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झाली, तरी पहिल्या लीडमधील पी लहरीसकट सारे उलटे दिसते. टी लहर नव्याने उलटलेली आहे का, लगतच्या अनेक लीडमध्ये आहे का, सोबत लक्षणे आहेत का, यावरून डॉक्टर तिचे वजन ठरवतात.

शेवटचे विधान मात्र जिवावर बेतू शकते. रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली असूनही विश्रांतीच्या अवस्थेतील ईसीजी सामान्य येऊ शकतो. झटक्याच्या सुरुवातीला काढलेला पहिला ईसीजीसुद्धा कधी कधी सामान्य दिसतो. म्हणूनच संशय असेल तेव्हा थोड्या थोड्या वेळाने ईसीजी पुन्हा काढतात आणि रक्तातील ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन, तपासतात. छातीत दाब जाणवत असेल, घाम फुटत असेल, दम लागत असेल, तर सकाळचा अहवाल नॉर्मल होता म्हणून घरी थांबू नये. तात्काळ रुग्णालयात जावे. जुना ईसीजी हाताशी असेल तर सोबत न्यावा, म्हणजे कोणता बदल नवा आहे हे डॉक्टरांना लगेच ताडून पाहता येते. मात्र तो शोधण्यात वेळ दवडू नये.