किलोवर गेलेला भागोजी

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार.

दुपारी भद्रकालीत रद्दीवाल्याकडे मुलाच्या जुन्या वह्या द्यायला गेले तर दुकानाच्या दारातच पोतंभर पुस्तकं ओतलेली. जांभळे शिक्के, मागे तारखांचा चिकटवलेला कागद, एकावर तर शेवटची तारीख १९८७. कुठल्या तरी शाळेने कपाट रिकामं केलं म्हणे. त्या ढिगात पुठ्ठा निघालेलं, वाळवीने कडा खाल्लेलं एक जाड इंग्रजी पुस्तक दिसलं, नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ. काट्यावर टाकून चाळीस रुपये सांगितले. नाशिक जिल्हा, चाळीस रुपये!

घरी येऊन चाळत बसले आणि पुण्याच्या रस्त्यावर सिन्नरपुढे लागतं त्या नांदूरशिंगोटे गावाचं नाव दिसल्याबरोबर हातच थांबला.

पुण्याला कॉलेजात होते तेव्हा एकदा आमची एसटी तिथे बंद पडली होती. टपरीवर चहा घेताना शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी काठीने समोरचा डोंगर दाखवला, "पोरी, त्या डोंगरात आमच्या भागोजीनं सायबाला पाडला." मी "हो का" म्हटलं आणि दुसरी गाडी येतेय का बघत बसले. बाबा अजून बोलत होते, मी ऐकलं नाही.

आणि आज तेच पुस्तकात. ४ ऑक्टोबर १८५७, नांदूरशिंगोट्याजवळचे डोंगर, पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री ठार. मारणारे भागोजी नाईक आणि त्यांचे भिल्ल. भागोजी आधी त्याच पोलिसात नोकरीला होते, १८५५ मध्ये दंग्याच्या गुन्ह्यात आत टाकलं, सुटल्यावर वर चांगल्या वागणुकीचा जामीन मागितला, आणि पुढे सगळ्यांची हत्यारं काढून घ्यायचा हुकूम आला तेव्हा माणूस घर सोडूनच निघाला. पुढे डोंगर माहीत असलेली माणसं हवीत म्हणून इंग्रजांनी कोळ्यांची वेगळी पलटण उभी केली, तरी नोव्हेंबर १८५९ पर्यंत भागोजी लढत होते आणि लढतच पडले. म्हणजे बाबा जे काठीने दाखवत होते ते अक्षरशः खरं होतं, आणि मी गाडी बघत होते.

आपल्याला शाळेत १८५७ म्हटलं की मीरत, झाशी, कानपूर. सिन्नरच्या पुढच्या डोंगराबद्दल एक ओळ कुणी शिकवली? महिन्यातून दोनदा पुण्याला जातो आपण त्या रस्त्याने!

मान्य, ते गॅझेटियर इंग्रजांनी लिहिलंय आणि त्यांच्या लेखी आपली माणसं लुटारूच. पण तारीख तरी लिहून ठेवली ना, आपण काय ठेवलं? नांदूरच्या लोकांनी जपलंय, मी आपल्या नाशिक शहरातल्यांबद्दल बोलतेय. गोल्फ क्लबच्या ग्राउंडला अनंत कान्हेरेंचं नाव आहे, तरी आपण म्हणतो गोल्फ क्लबच. आणि नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांच्याबरोबर आणखी दोघं फासावर गेले, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. ही दोन नावं न अडखळता सांगणारे किती जण आहोत आपण?

शाळेवर खूप राग आला होता. लिहिता लिहिता थोडा उतरलाय, जागा नसेल, वाळवी लागली असेल, कुणी वाचत नसेल. पण अहो, एकदा विचारायचं तरी. आपल्याकडे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, पुस्तक सांभाळणं या गावाला काही नवीन नाही.

ते बाबा आता नसतील बहुतेक. त्यांचं नाव विचारलं नव्हतं. पुढे काय सांगत होते तेही कळलं नाही, आणि ते या पुस्तकात नाही, मी ते पान तीनदा वाचलं. कदाचित भागोजींच्या घरच्यांचं पुढे काय झालं ते. ते फक्त बाबांकडेच होतं.

तर ऐका. कुणाच्या आजोबांची ट्रंक, वाड्यातलं कपाट, शाळेचं दप्तर रिकामं होत असेल तर रद्दीत घालण्याआधी मला एक मेसेज टाका, मी गाडी घेऊन येते. रद्दीवाल्याकडे अजून दोन पोती न उघडलेली आहेत, दादांना उद्या दहापर्यंत थांबायला सांगितलंय. कोण येतंय बरोबर?