टूथपेस्ट दात घासायला असते, गाडी नाही!

सकाळी आठला दहा कमी. हातात किल्ली, खांद्याला बॅग, आणि समोर माझ्या गडद निळ्या गाडीच्या मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर वीतभर लांब पांढरा फराटा. चुन्याचं बोट कुणी जोरात ओढावं तसा. ठोकणारा अर्थातच गायब. वायपरखाली चिठ्ठी नाही, काही नाही. गाडी पांढरी होती एवढाच काय तो पुरावा, आणि तोही त्याने माझ्याच बंपरवर सोडलेला.

त्याला चार शिव्या देऊन झाल्यात. पण हे लिहायला बसलोय ते त्याच्यासाठी नाही. त्याने बिचाऱ्याने एकदाच घासलं. बाकीच्यांनी दोन दिवस घासलं.

मी पाण्याची बादली आणायला वर गेलो. पाच मिनिटं, फार तर सहा. खाली येतो तर शेजारचे काका वाकून, खिशातला रुमाल काढून, कोरडाच, खसाखसा घासतायत. रात्रभराची धूळ बसलेल्या बंपरवर! "अरे, जातंय बघ थोडं थोडं," हे वर. काका, जातंय ते माझ्या गाडीचं तेज जातंय. धूळ म्हणजे बारीक वाळूच असते हो. त्यावर कोरडं फडकं फिरवणं आणि पॉलिश पेपर फिरवणं यात फरक फक्त दाण्यांचा. पण मोठ्या माणसाला काय बोलणार? "राहू द्या काका, मी बघतो" म्हणालो आणि दात आवळले. बादलीतलं पाणी ओतल्यावर गोल गोल कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसेनाशा झाल्या, वाळल्यावर परत हजर. गडद रंगाची गाडी घेणाऱ्याच्या नशिबी हेच. पांढऱ्या गाडीवर असली जाळी शोधावी लागते, निळ्या-काळ्यावर ती उन्हात आपणहून ओरडते.

हे पाण्याचं जे आहे ना, याच्यावरच त्या तीस सेकंदांच्या व्हिडिओवाल्यांचं पोट चालतं. ओरखडा पांढरट दिसतो कारण त्याच्या कडांवर उजेड विखुरतो. त्या फटीत पाणी, तेल, मेण, काहीही भरलं की विखुरणं थांबतं आणि ओरखडा "गायब". म्हणून तो पठ्ठ्या काहीतरी फवारतो, पुसतो, आणि ओल्या गाडीवरच कॅमेरा बंद करतो. दोन पाऊस पडल्यावर काय दिसतं ते दाखव ना! नाही दाखवणार. "स्क्रॅच रिमूव्हर" लिहिलेल्या कित्येक बाटल्यांची करामतही इतकीच: ओरखड्यात काहीतरी भरायचं आणि चार धुण्यांत ते वाहून जायचं.

आणि आता माझी स्वतःची अक्कल. रात्री अकरा वाजता, असाच एक व्हिडिओ बघून, मी खाली गेलो. हातात टूथपेस्ट. हो, मीच. दिवसभर काकांच्या नावाने बोटं मोडणारा मी, मोबाईलचा टॉर्च दातांत धरून बंपरला पुदिन्याची पेस्ट चोळत बसलो होतो. वॉचमनने दोनदा वळून बघितलं. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, सिलिका नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट. ती बनवलेली असते दातांच्या एनॅमलसाठी, आणि एनॅमल हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. गाडीचा वरचा थर त्यापुढे लोणी. सकाळी बघतो तर पांढरा फराटा होता तिथेच, आणि त्याच्याभोवती तळहाताएवढा धुरकट डाग. खाचेत वाळलेली पेस्ट. पुदिन्याचा वास मात्र छान येत होता.

मग मी ते वाचलं जे आधी वाचायला हवं होतं. गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. खाली प्रायमर, त्यावर खरा रंग, आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस 70 च्या आसपास असतो. म्हणजे एका केसापेक्षा पातळ पापुद्र्यावर अख्ख्या सोसायटीने हात साफ करून घेतले होते! बरं, "ओरखडा काढणं" म्हणजे काय, हे तरी किती जणांना माहीत आहे? ओरखडा निघत नाही. तो खड्डा असतो, खड्डा कसा निघेल? त्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणतात, की झालं सपाट. दरवेळी तुम्ही तो पापुद्रा थोडा आणखी खाता. ऊन अडवण्याचं कामही त्याचंच. फार पातळ झाला की काही वर्षांनी पापड सुटावेत तसा सुटायला लागतो, मग बसा.

सगळ्यात संताप येतो तो यापुढच्या गोष्टीचा. तो फराटा ओरखडा नव्हताच! नख फिरवून बघा, एवढं साधं कुणी सांगेल? नख अडकलं तर खोल आहे, पॉलिशने जाणार नाही, टचअप करा किंवा रंगवून घ्या. नख सरळ सरकलं तर वरवरचं आहे. आणि नखाला तिथे उंचवटा लागला तर? तर तुमचं काही गेलेलंच नाही, समोरच्याचा रंग तुमच्यावर चिकटलाय! माझ्या नखाला उंचवटा लागला. जे पुसून काढायचं होतं त्याला आम्ही सगळे मिळून दोन दिवस खणत होतो.

हे कळायच्या आधी एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडेही जाऊन आलो. गाडीकडे दोन सेकंद बघून म्हणतो, "साहेब, पूर्ण बंपर मारावा लागेल. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरू, प्रायमर मारू, नाहीतर गंज धरेल." गंज! प्लास्टिकच्या बंपरला! मी टिचकी मारून आवाज ऐकवला, तरी माणूस हलला नाही. आणि लांबी कशात भरणार होता? पोचा कुठे होता? सगळे असेच असतात असं नाही. चांगला कारागीर आधी हात फिरवतो, टॉर्च तिरका धरून बघतो, मग तोंड उघडतो. याने आधी तोंड उघडलं. शिवाय कंपनीचा मूळ रंग एकदा गेला की शेड जुळवणं किती कटकटीचं, मेटॅलिक असेल तर विचारूच नका.

शेवटी काय केलं? शाम्पूने गाडी धुतली, सावलीत लावली, बंपर हाताला गार लागेपर्यंत थांबलो. स्वच्छ मायक्रोफायबरच्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं. तेच, जे मोबाईलची काच पुसायला घरात पडून होतं. (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे. बहुतेकदा त्यात ॲसिटोन असतं, ते तुमचाही रंग मऊ करेल. मेहुण्याने तेही सुचवलं होतं, मी फोन ठेवला.) फडकं फराट्यावर अर्धा मिनिट दाबून धरलं, मग हलकेच पुसलं. फडक्यावर पांढरं आलं. निळं नाही, पांढरं! निळं आलं असतं तर तिथेच थांबायचं होतं, कारण मग आपलाच रंग निघतोय. फडक्याची घडी बदलली, परत. चौथ्या वेळेला फराटा नव्हता. दहा मिनिटं झाली नसतील. हट्टी ठिपके राहिले ते क्ले बारने, म्हणजे रंगावर चिकटलेलं उचलून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, साबणाच्या पाण्यावरून सरकवत. दोन दिवसांची रड, दहा मिनिटांत खलास.

राहिला काय? काकांची जाळी आणि माझा पुदिना. ज्याने ठोकलं त्याची खूण दहा मिनिटांत गेली, आणि आम्ही केलेल्या उपकारांसाठी अख्खा रविवार पॉलिशिंग कंपाउंड, म्हणजे गाडीच्या रंगासाठीच बनवलेली बारीक घासणारी पेस्ट, घेऊन उकिडवा बसलो. एका वेळी वीतभर जागा, आधी बारीक कंपाउंडच, कडांना हात न लावता, कारण कडेला थर आणखी पातळ असतो. धुरकटपणा बराचसा गेला. दोन रेघा राहिल्यात, त्या राहू देणार आहे. आणखी घासायची माझ्यात हिंमत नाही आणि क्लिअर कोटमध्येही नसावी.

पाठ धरली म्हणून सरळ उभा राहतोय तोवर काका आले. बंपरकडे बघितलं, मान तिरकी करून नीट बघितलं, आणि खूश होऊन म्हणाले, "बघ! मी म्हटलं नव्हतं, घासल्यावर जातं म्हणून?"